बाईच्या हाती माग: महेश्वरचा अनुभव आणि आपली लोकर

बालाघाटच्या माळावर कातरणी उरकली की मेंढवाड्याच्या कडेला लोकरीचा ढीग साचतो. काळी, करडी, पांढरी सगळी एकत्र. तीत लेंड्या, गोखरू आणि कुसळे मिसळलेली. एके काळी ही लोकर न्यायला व्यापारी वाड्यावर येत आणि घरातील बाया वर्षभर सूत कातत. आता बहुतेक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी मेंढपाळाने पदरची द्यायची आणि लोकर उकिरड्यावर टाकायची, अशी रीत पडली आहे. घरात चात फिरवता येणारी आजी असते. सुनेला ते काम थोडेफार येते, नातीला मुळीच येत नाही.

मेंढीपालनावर लिहिताना वजनवाढ, लसीकरण, जंतनाशके यांविषयी भरपूर लिहिले जाते. लोकर आणि ती कातणारी बाई मात्र मागे राहतात. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील शेतकरी व मेंढपाळ घरांतील स्त्रियांना विणकामातून खरोखरीच काही पदरात पडेल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी नर्मदाकाठच्या महेश्वरचे उदाहरण घेतले आहे. ते दूरचे वाटले तरी त्याचे मूळ आपल्या शेजारचेच आहे.

चौंडीची लेक आणि महेश्वरचा माग

भूम-परंड्याच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात चौंडी हे गाव आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी येथे, माणकोजी शिंदे यांच्या धनगर घरात झाला. १७६७ मध्ये राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी महेश्वरला राजधानी केली. तेथे घाट आणि मंदिरे उभी राहिली, तशी विणकरांची वस्तीही वसली. सुरत, बऱ्हाणपूर अशा ठिकाणांहून कारागीर बोलावले गेले, असे सांगतात. पाहुण्यांना व नातलगांना द्यावयाच्या नऊवारी साड्या येथे विणल्या जात. घाटावरच्या आणि किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातील नक्षी साडीच्या काठावर उतरली. डाळिंबी, गुलबक्षी, अंगुरी, तपकिरी ही तेथील रंगांची नावे आपल्या कानाला अजिबात परकी वाटत नाहीत.

पुढे संस्थान गेले, राजाश्रय गेला आणि गिरणीचे स्वस्त कापड खेडोपाडी पोचले. १९७० च्या दशकात महेश्वरचे माग एकेक करून बंद पडू लागले होते. त्या सुमारास होळकर घराण्यातील शिवाजीराव (रिचर्ड) होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी या कामात लक्ष घातले. सॅलीबाई जन्माने अमेरिकन. लग्न होऊन होळकरांच्या घरी आल्या आणि महेश्वरच्या विणकरांत रमल्या. १९७८-७९ च्या सुमारास ‘रेहवा सोसायटी’ स्थापन झाली. रेवा म्हणजे नर्मदा, त्यावरून हे नाव. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अनुदानावर मोजक्या स्त्रिया आणि मोजके माग एवढ्यावर काम सुरू झाले.

या कामातील एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. हातमागाच्या घरात साधारणपणे मागावर पुरुष बसतो. बाई कांड्या भरते, सूत उकलते, ताण्याला हात लावते, खळ शिजवते. कापड विकून आलेला पैसा मागावर बसणाऱ्याच्या नावाने येतो. पूर्वतयारीचे दिवस कोणी मोजत नाही. रेहवाने बायकांना मागावर बसण्याचे शिक्षण दिले आणि विणलेल्या कापडाची मजुरी विणणारीच्या हातात ठेवली. वरवर पाहता हा लहानसा फेरबदल आहे. पण त्यामुळे घरातला हिशेब बदलला. ज्या बाईचे श्रम आजवर ‘घरचेच काम’ म्हणून गणले जात, तिला मजुरी मिळू लागली.

दुसरी गोष्ट मालाची. नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या, म्हणून जुनाच माल जुन्याच पद्धतीने विणत राहण्यात अर्थ नव्हता. ताण्याला रेशीम आणि बाण्याला कापूस ही महेश्वरची हलकी वीण कायम ठेवली. काठाची नक्षी कायम ठेवली. पण साडीबरोबर ओढण्या, उपरणी आणि शहरी गिऱ्हाइकाला वापरता येईल असे कापड विणावयास घेतले. रंग पक्के असावेत, लांबी-रुंदी ठरल्याप्रमाणे भरावी, यावर कटाक्ष ठेवला. संस्थेने विणकरांच्या मुलांसाठी शाळा व कुटुंबांसाठी घरे यांचीही व्यवस्था केली. शाळा आणि घरे हा कुणाला जादा खर्च वाटेल. परंतु लहान मूल घरी रडत असले की बाई मागावर बसूच शकत नाही, हे ज्याने माग चालवला त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

२००३ मध्ये सॅलीबाईंनी ‘वुमनवीव्ह’ ही दुसरी संस्था उभी केली. तिचे ‘गुडी मुडी’ नावाचे खादीचे काम शेतकऱ्यांच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. ज्यांच्या घरात विणकाम कधीच नव्हते, ज्या शेतमजुरीवर जात, अशा बायका यात घेतल्या. आसपासच्या कापसाचे सूत अंबर चरख्यावर कातायचे आणि तेच सूत हातमागावर विणायचे, अशी साखळी बसवली. पुढे विणकरांच्या तरुण पिढीला नक्षी, हिशेब आणि विक्री शिकवणारी हातमागाची शाळाही महेश्वरात सुरू झाली. २०२५ मध्ये भारत सरकारने सॅली होळकर यांना पद्मश्री जाहीर केली. त्याच वर्षी अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली.

महेश्वरला काही गोष्टी आयत्या मिळाल्या, हेही येथे सांगितले पाहिजे. विणकराची वस्ती पूर्णपणे मोडली नव्हती. गाव यात्रेचे आणि पर्यटनाचे. होळकर हे नाव देशात व परदेशात ठाऊक असलेले. आपल्याकडे यातले फारसे काही नाही. तेव्हा महेश्वरची नक्कल करून चालणार नाही. तेथील हिशेब तेवढा उचलावा.

घोंगडीचा हिशेब कोण मांडतो?

आपल्याकडील मेंढी दख्खनी. तिची लोकर भरड, केसाळ आणि बहुतांशी काळी-करडी असते. मऊ कपड्यासाठी ती उपयोगी नाही. मात्र पावसाचा मारा सहन करणाऱ्या, थंडीत ऊब आणि उन्हात सावली देणाऱ्या घोंगडीसाठी हीच लोकर योग्य. एका मेंढीपासून वर्षाकाठी सुमारे अर्धा किलो लोकर मिळते. कातरणी बहुधा वर्षातून दोनदा होते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ते सर्वांत मऊ, आणि जावळाच्या घोंगडीला जाणकार गिऱ्हाईक आजही जादा दाम देतो.

घोंगडी विणण्याचे काम खुटेकर धनगर व सणगर समाजातील कारागीर करीत आले. खड्ड्याच्या मागावर ती विणली जाते. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन मोठ्या कुंच्याने सूत सारखे करतात, त्यामुळे घोंगडीला कणखरपणा येतो. लोकर पिंजणे आणि कातणे हे बायकांचे काम. म्हणजे घोंगडीतील सर्वांत जास्त दिवस बाईचे जातात. आता हिशेब मांडून पाहू.

समजा, एका घोंगडीला तीन किलो लोकर लागली. कातणारीने घरकाम सांभाळून दिवसाला पाव किलो सूत काढले असे धरले, तर तीन किलोला बारा दिवस लागतात. शेतमजुरीचा दर दिवसाला ३०० रुपये धरला, तर नुसत्या कातण्याची मजुरी ३,६०० रुपये होते. धुणे, पिंजणे, ताणा लावणे, खळ देणे आणि विणणे हे सगळे वेगळे. याउलट, जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यापासून यंत्रावर केलेले ब्लँकेट बाजारात काही शे रुपयांना मिळते. घोंगडी त्याच्याशी बरोबरी करून विकायची म्हटले की दर पाडावा लागतो. आणि दर पाडणे जमते ते केवळ बाईचे बारा दिवस शून्य धरले म्हणूनच! सूनबाई चात हातात घेत नाही, यात नवल ते काय? तिने हा हिशेब कागदावर न मांडताही ओळखला आहे. खुरपणीला गेले तर संध्याकाळी पैसे हातात येतात, हे तिला ठाऊक आहे.

यातून वाट काढायची तर दोनच बाजूंनी काढता येते. एक, कातण्याला लागणारे दिवस कमी करणे. दुसरी, यंत्राच्या ब्लँकेटशी स्पर्धाच न करणे.

पहिल्या बाजूचे उदाहरण हिमालयातील आहे. उत्तराखंडातील कुमाऊँच्या डोंगराळ भागात रश्मी भारती व रजनीश जैन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘अवनी’ हे काम सुरू केले. तेथील डोंगरी बायका लोकर व रेशीम कातून विणतात आणि झाडपाल्यापासून काढलेल्या रंगांनी रंगवतात. सौर विजेवर चालणारे चरखे त्यांनी वापरात आणले. हात तोच, कसबही तेच. पण चाक विजेवर फिरल्यामुळे एका दिवसात जास्त सूत निघते आणि खांदाही दुखत नाही. आपल्या जिल्ह्यात उन्हाची वाण नाही. चातीवरून एकदम मोठ्या यंत्रावर उडी घेण्याची गरज नाही. मधला, दुरुस्तीला सोपा असा चरखा पुष्कळ काम भागवतो.

दुसऱ्या बाजूला मालाचा विचार येतो. दख्खनी लोकरीपासून पांघरूणच विणले पाहिजे असे नाही. बसण्याची आसने, सतरंजीसारखी बैठक, पिशव्या यांना भरड लोकर उत्तम. लहान मालाला सूत कमी लागते, तो लवकर विकला जातो आणि नव्याने शिकणारीचा हात त्यावर बसतो. लोकर न कातता ती थापून, दाबून केलेले जेन हाही आपल्याकडचा जुना प्रकार आहे. त्याला माग लागत नाही. बाजारही लांब शोधायला नको. तुळजापूरला बारा महिने यात्रेकरू येतात. नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाची यात्रा आहे, येरमाळ्याची येडेश्वरी आहे. देवाधर्माच्या कामाला घोंगडीचे आसन लागते, ही परंपरा अजून टिकून आहे. तुळजापूरला आलेल्या माणसाला दोन फुटांचे, नीट काठ बांधलेले काळ्या लोकरीचे आसन हातात घेऊन पाहता आले, तर तो त्याची किंमत ब्लँकेटशी तोलणार नाही, असे आम्हास वाटते.

लोकर चांगली असेल तरच सूत चांगले

विणकामाचे शिक्षण देण्याआधी कातरणी सुधारली पाहिजे. हे काम मेंढपाळाच्या हातचे आहे आणि त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत.

कातरणीपूर्वी एक-दोन दिवस मेंढ्या वाहत्या किंवा स्वच्छ पाण्यात धुवाव्यात व अंग पूर्ण वाळू द्यावे. ओल्या लोकरीची कातरणी करू नये. अशी लोकर पोत्यात कुबट होते आणि तिचा दम जातो. कातरणी मातीत न करता जुनी ताडपत्री किंवा घोंगते अंथरून त्यावर करावी. कातर कातडीलगत एकदाच चालवावी. वरून एकदा व खालून पुन्हा एकदा कातरल्यास तंतूचे तुकडे होतात आणि असे तुकडे कातताना गळून पडतात. कळपाच्या ओळखीसाठी पाठीवर डांबर किंवा तैलरंगाचा पट्टा ओढण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. तो रंग धुऊन जात नाही आणि तेवढी लोकर वाया जाते. ओळखखूण करायचीच तर कानात बिल्ला मारावा.

निवड ही कातरणीच्या जागीच करावी, मागाहून होत नाही. काळी, करडी व पांढरी वेगळी ठेवावी. जावळ कधीही इतर लोकरीत मिसळू नये. पोटाखालची, पायांची आणि शेपटीजवळची मळकी लोकर बाजूला काढावी. ही मळकी लोकरही टाकून देऊ नये. तीत नत्र व गंधक असते, ती सावकाश कुजते आणि ओल धरून ठेवते. डाळिंबाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात पातळ थर देऊन वर माती लोटावी. गोखरू व कुसळे हाताने वेचावी लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण एक गोखरू कातणारीचे बोट फोडते आणि सुताचा धागा तोडतो.

धुताना कोमट पाणी व साधा साबण किंवा रिठा वापरावा. कढत पाण्यात लोकर चोळल्यास तिचे गोळे होतात व ती पिंजता येत नाही. सावलीत वाळवून, कोरड्या गोणपाटाच्या पोत्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो.

एकट्या घराचे काम नव्हे

राज्य शासनाच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर असा गट देण्याची तरतूद आहे. असा गट सांभाळणाऱ्या घराला वर्षाला सुमारे दहा किलो लोकर मिळेल, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने जेमतेम तीन घोंगड्यांची. एवढ्यासाठी कोणी चरखा घेणार नाही आणि व्यापारी तर वाट वाकडी करून येणारच नाही. दहा घरांची लोकर एकत्र आली तर शंभर किलो होते. मग निवड, धुणे, पिंजणे एकदम करता येते. आसनेच विणायची ठरवली तर कामही अनेक हातांना पुरते.

गट उभा करणे या जिल्ह्याला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावेही उद्ध्वस्त झाली. त्यानंतरच्या पुनर्वसनात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. घरदुरुस्तीचे सामान, पैसा, तंत्र यांविषयी त्या गावकऱ्यांशी व अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. पुढे त्यातूनच बचत गट, लहान उद्योग आणि घरच्या अन्नासाठी एक एकर शेती अशी कामे वाढली. प्रेमाताईंचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांनी घडवलेल्या बायका आज इतर जिल्ह्यांत जाऊन शिकवतात. म्हणजे हिशेब ठेवणारी, बँकेत जाणारी, सभेत बोलणारी बाई आपल्याकडे आहे. लोकर आहे. चात चालवणारी म्हातारीही अजून आहे, पण तिच्याकडून शिकून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत.

एक धोका येथे सांगून ठेवतो. पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र व फोटो आणि मग कोपऱ्यात गंज धरलेले यंत्र, असे प्रकार आम्ही आमच्या नोकरीत पुरेसे पाहिले. शिकवणाऱ्याने माल कोठे विकायचा ते ठरवले नव्हते आणि शिकणारीला पहिली मजुरी कधी मिळेल, हे कोणी सांगितले नव्हते. म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करणे बरे. आधी पाच-सहा आसने गावातल्याच जुन्या कारागिराकडून विणून घ्यावीत. ती तुळजापुरात किंवा यात्रेत ठेवून गिऱ्हाईक काय बोलते, कुठल्या रंगाला व मापाला हात घालते, किती पैसे द्यायला तयार होते, हे लिहून काढावे. त्यातून कातणारीची रोजंदारी सुटते असे दिसले तरच चरखे घ्यावेत. सुटत नसेल तर माल बदलावा. मजुरी कापू नये.

माग मांडायची वेळ आली तर सोलापूर जवळ आहे. फणी, धोटा, वई यांची माहिती असलेले कारागीर तेथे भेटतात. मेंढ्यांच्या जातीविषयी व पैदाशीविषयी तुळजापूर तालुक्यातील तीर्थ येथील मेंढी-शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावर विचारणा करावी. घरगुती उद्योग व प्रशिक्षणासाठी तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्राशी, आणि सूत, रंग व वस्त्र यांविषयी परभणीच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयातील तज्ज्ञांशी पत्रव्यवहार करता येईल. जाताना हात हलवत जाऊ नये. निवडलेली, धुतलेली अर्धा किलो लोकर आणि आजीने कातलेल्या सुताची एक गुंडी सोबत न्यावी. पोत्यावर चिठ्ठी लावून तीवर कातरणीची तारीख, लोकरीचा रंग, वजन आणि ती जावळाची आहे की मोठ्या मेंढीची, एवढे लिहिलेले असावे.